हायड्रावरचं काम, पहिलं ॲबस्ट्रॅक्ट आणि पहिलं पोस्टर: पेशी व विकास जीवशास्त्राच्या परिषदेला पाठवताना काय सांभाळायचं?

डोकं_पुन्हा_उगवतं

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय हायड्राचं पुनर्जनन, म्हणजे गोड्या पाण्यातल्या या इवल्या प्राण्याचा कापलेला भाग पुन्हा उगवणं. प्राणी पुण्यातल्याच स्थानिक वाणाचे. प्रयोग थोडक्यात असा: २४ तास उपाशी ठेवलेले, कळी नसलेले प्राणी शरीराच्या मध्यावर कापायचे आणि खालचा अर्धा भाग घ्यायचा. एक गट नुसत्या डीएमएसओमध्ये (औषध विरघळवायचा द्रावक), दुसरा ब्लेबिस्टॅटिनमध्ये, म्हणजे पेशींना आकुंचन देणारं प्रथिन मायोसिन-२ रोखून. ७२ तासांनी किती प्राण्यांना टेंटॅकल (तोंडाभोवतालचे लांब हात) आले आणि किती आले ते मोजायचं. असे तीन वेगवेगळे प्रयोग झालेत, प्रत्येकात दर गटाला ३० प्राणी. फॅलॉइडिनने ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्यातलं, म्हणजे पेशीकंकालातलं, तंतूंचं प्रथिन) रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा घेतल्या आहेत. डब्ल्यूएनटी-३ चं इन-सिटू, म्हणजे डोकं घडवणारं हे जनुक कुठे सक्रिय आहे ते रंगवून पाहणं, अजून चालू आहे.

गाईडचं म्हणणं, आपल्याकडच्या इनएसडीबीच्या (भारतीय विकास-जीवशास्त्रज्ञांची संस्था) द्वैवार्षिक परिषदेला पाठव. शिवाय अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या डिसेंबरातल्या परिषदेलाही पाठवून बघ. ॲबस्ट्रॅक्टचा, म्हणजे कामाच्या छोट्या गोषवाऱ्याचा, कच्चा मजकूर देते. जाणार इंग्रजीतच, इथे मराठीत मांडलाय:

"पुनर्जनन ही सजीवांमधील अत्यंत महत्त्वाची प्रक्रिया आहे. हायड्रा हा पुनर्जननाच्या अभ्यासासाठी उत्तम नमुना-प्राणी आहे. पेशीकंकालाची पुनर्जननातील भूमिका अद्याप पूर्णपणे ज्ञात नाही. प्रस्तुत अभ्यासात मायोसिन-२ च्या भूमिकेचा वेध घेण्यात आला आहे. ब्लेबिस्टॅटिनमुळे पुनर्जननावर लक्षणीय परिणाम झाल्याचे दिसून आले. निष्कर्षांवर परिषदेत चर्चा केली जाईल."

यात काय कमी आहे? इन-सिटू पूर्ण नसताना पाठवावं का? आणि पोस्टर नेमक्या कोणत्या आकाराचं करायचं?

मायोनीम

सहा वाक्यांतली पहिली तीन काढून टाका. पुनर्जनन महत्त्वाचं आहे आणि हायड्रा त्यासाठी चांगला, हे त्रांब्ले यांनी १७४४ मध्येच जगाला दाखवलं. ॲबस्ट्रॅक्ट वाचणाऱ्याला ते नव्याने सांगायला नको. त्याच्यापुढे असे शेकडो मजकूर असतात. पहिल्या दोन ओळींत प्रश्न सापडला नाही तर तो पुढे सरकतो. शेवटचं वाक्यही काढा. "चर्चा केली जाईल" वाचलं की निकाल अजून हातात नाहीत असाच अर्थ घेतला जातो, आणि तुमच्याकडे तर निकाल आहेत.

उरलेल्या मजकुरात सगळ्यात कमजोर शब्द "लक्षणीय परिणाम". कसला परिणाम? टेंटॅकल आलेच नाहीत, उशिरा आले, कमी आले की वाकडे आले? यातली प्रत्येक गोष्ट वेगळी यंत्रणा सुचवते. मी असं लिहीन:

"हायड्राचं शरीर मध्यावर कापल्यावर जखम काही तासांत मिटते, आणि दोन-तीन दिवसांत नवं डोकं तयार होतं. या काळात एक्टोडर्मच्या (बाहेरच्या थराच्या) पेशींचं आकुंचन नेमकं कोणत्या टप्प्याला लागतं, हे आम्ही तपासलं. मायोसिन-२ चा अवरोधक ब्लेबिस्टॅटिन (इथे मात्रा) दिलेल्या खालच्या अर्ध्या भागांपैकी ७२ तासांनी (इथे तुमचा आकडा) टक्के भागांना टेंटॅकल आले; डीएमएसओ गटात ते प्रमाण (इथे दुसरा आकडा) होतं. तीन स्वतंत्र प्रयोग, प्रत्येकात दर गटाला ३० प्राणी. फॅलॉइडिनने रंगवल्यावर कापाच्या टोकाशी ॲक्टिनचे तंतू (इथे जे दिसलं ते) दिसले."

एवढंच. पण हे लिहायला घेतलं की प्रयोगातली फट लगेच उघडी पडते. ती परिषदेआधीच दिसलेली बरी. ७२ तासांनंतरचा एकच आकडा पाहून औषधाने जखम मिटणं अडवलं, डोक्याचा संयोजक (आजूबाजूला डोकं घडवून आणणारा पेशींचा गट) बनणं अडवलं की नुसती टेंटॅकलची वाढ अडवली, हे कळत नाही. डब्ल्यूएनटी-३ कापल्यानंतर पहिल्या काही तासांतच टोकाशी दिसायला लागतं. टेंटॅकलचे उंचवटे त्यानंतर दिवसभराने किंवा त्याहून उशिरा येतात. म्हणून औषधाची वेळ बदलून पाहा. एका गटाला फक्त पहिले ६ तास देऊन धुवून टाका, दुसऱ्याला २४ ते ४८ तासांच्या दरम्यान द्या. हे दोन गट पंधरा दिवसांत होतात आणि ॲबस्ट्रॅक्टचं वजन दुप्पट करतात. इन-सिटूसाठी थांबू नका. ते पोस्टरवर येऊ द्या. पण न झालेलं इन-सिटू ॲबस्ट्रॅक्टमध्ये झाल्यासारखं लिहू नका. "अवरोधाची वेळ बदलून टप्पे वेगळे करत आहोत" एवढं वाक्य चालतं.

ब्लेबिस्टॅटिनबद्दल दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात.

पहिली, निळा प्रकाश. ४५० ते ४९० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ब्लेबिस्टॅटिन निष्प्रभ होतं आणि पेशींना विषारीही ठरतं. तुम्ही किंवा लॅबमधलं कुणी लाइफॲक्ट-जीएफपीच्या (ज्यांचं ॲक्टिन हिरवं चमकतं अशा) प्राण्यांवर ४८८ च्या लेझरने जिवंत चित्रण करत असेल, तर त्या प्रतिमा औषधाच्या गटाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. प्लेट अंधारात किंवा लाल दिव्यात हाताळली होती हे पोस्टरच्या पद्धती-चौकटीत लिहा. प्रकाशाला टिकणारा पॅरा-नायट्रोब्लेबिस्टॅटिन मिळाला तर उत्तम.

दुसरी, कंट्रोल. या रेणूचं एक रूप काम करतं, त्याचं आरशातलं प्रतिरूप करत नाही. बाटलीवर वजा चिन्ह असेल तर ते सक्रिय रूप. अधिक-वजा असेल तर मिश्रण, म्हणजे लिहिलेल्या मात्रेच्या निम्मंच सक्रिय. अधिक चिन्हाचं निष्क्रिय रूप त्याच मात्रेत देऊन तिसरा गट केलात, तर "हा डीएमएसओचा किंवा रेणूच्या विषारीपणाचा परिणाम असेल" ही शंका बऱ्याच अंशी मिटते. शिवाय हे पाण्यात नीट विरघळत नाही. मात्रा वाढवली की बारीक कण बसतात आणि ते स्वतःच चमकतात. प्रतिमेत ते ठिपके दिसले तर त्यांना पेशीतली रचना समजू नका.

पोर्टल_आणि_पावती

शास्त्राचं वर आलंच आहे. ॲबस्ट्रॅक्ट अडकतं कुठे, ते मी सांगतो.

बहुतेक पोर्टल शब्द न मोजता अक्षरं मोजतात, आणि मोकळ्या जागाही त्यात धरतात. काही ठिकाणी शीर्षक आणि लेखकांची नावंही त्याच मर्यादेत येतात. मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून मोजा, मगच पोर्टलवर चिकटवा. वर्डमधून थेट चिकटवलं की छुपं फॉरमॅटिंग येतं आणि ग्रीक अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. बीटा-कॅटेनिनमधला बीटा अक्षरी लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

मायक्रोमोलरवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवा. सिंबॉल फॉन्टमध्ये म्यू हे चिन्ह मुळात एम या कळीवर बसवलेलं असतं. पोर्टलने फॉन्ट काढून टाकला की म्यूचा एम होतो आणि मायक्रोमोलरचं मिलिमोलर होतं. मात्रा हजारपट वाढते. छापील पुस्तिकेत ते तसंच जातं आणि दुरुस्त करता येत नाही. म्यू युनिकोडमधून घाला, किंवा एककाचं पूर्ण नाव लिहा. मायक्रॉनच्या लांबीचंही हेच. पाठवण्याआधी पोर्टलचा प्रीव्ह्यू पीडीएफ म्हणून उतरवून घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

तिरका टाइपही असाच उडतो. जनुक तिरक्या टाइपात आणि प्रथिन सरळ, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण मोठ्या-लहान अक्षरांचे नियम प्राण्यागणिक बदलतात. माणसाचं जनुक सगळं मोठ्या अक्षरांत, उंदराचं फक्त पहिलं अक्षर मोठं, झेब्राफिशचं सगळं लहान. उंदराच्या प्रथिनाला सगळी अक्षरं मोठी, झेब्राफिशच्या प्रथिनाला फक्त पहिलं. पोर्टल तिरका टाइप घेत नसेल तर "जनुक" किंवा "प्रथिन" असा शब्द सोबत जोडा.

अंतिम वेळेचं गणित करून भिंतीवर लावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्री ११:५९ म्हणजे तिकडच्या उन्हाळी वेळेत आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ ९:२९, हिवाळ्यात १०:२९. मध्य युरोपची ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपली पहाट ३:२९, हिवाळ्यात ४:२९. "एनीव्हेअर ऑन अर्थ" लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९ पर्यंत. या शेवटच्या तासांवर विसंबू नका, कारण पैसे भरणं बहुतेकदा तिथेच अडतं. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नवीन कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावे लागतात आणि मर्यादाही ठरवावी लागते. जिथे ॲबस्ट्रॅक्टची फी वेगळी असते तिथे ती भरल्याशिवाय मजकूर "ड्राफ्ट" याच अवस्थेत राहतो. पडद्यावर सगळं भरलेलं दिसतं म्हणून फसू नका. क्रमांक असलेला पावतीचा ईमेल आला तरच ॲबस्ट्रॅक्ट पोचलं म्हणायचं.

विषयगट निवडताना पद्धत पाहू नका, प्रश्न पाहा. तुमच्या कामाला "पेशीकंकाल" आणि "पुनर्जनन" हे दोन्ही गट लागू पडतात. पेशी जीवशास्त्राच्या मोठ्या परिषदेत पेशीकंकालाच्या गटात गर्दी असते आणि तिथले लोक शुद्ध केलेल्या प्रथिनांची मोजमापं मागतात. तुमच्याकडे ती नाहीत. पुनर्जनन किंवा ऊतींची घडण हा गट घ्या. इनएसडीबीला ही अडचण नाही, सगळा मेळा विकास जीवशास्त्राचाच आहे. "तोंडी सादरीकरणासाठी विचार व्हावा" या चौकटीवर खूण करायला संकोचू नका. निवड झाली नाही तरी पोस्टर सहसा राहतंच.

पैशांबद्दल एकच. परदेशी प्रवासाच्या सरकारी अनुदानाला स्वीकृतीचं पत्र लागतं आणि त्यात तोंडी की पोस्टर ते स्पष्ट असावं लागतं. म्हणून आयोजकांना तसं पत्र लगेच मागा. कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्सची ट्रॅव्हलिंग फेलोशिप परिषदेसाठी वापरता येईल असं पुष्कळांना वाटतं. ती दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन काम करण्यासाठी असते. परिषदेच्या प्रवासासाठी तिथे अर्ज करू नका.

सहलेखक_विचारतात

मध्येच एक. पाठवण्याआधी प्रत्येक सहलेखकाची लेखी होकार-मेल हवीच, आणि ती अंतिम मजकुरावर हवी, कच्च्यावर नाही.

हे पुढे जर्नलमध्ये छापायला अडचण येईल का, हेही दरवेळी विचारलं जातं. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींनुसार परिषदेतलं ॲबस्ट्रॅक्ट किंवा पोस्टर हे आधीचं प्रकाशन धरलं जात नाही. पेशी जीवशास्त्राची नियतकालिकंही याच वाटेने जातात. पेटंटचं मात्र उलटं आहे. भारतीय कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे. युरोपात अशी सवलत नाही. औषध-चाचणीची पद्धत किंवा नवा रेणू असलं काही असेल तर ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी अर्ज दाखल करा. पुस्तिका सभेच्या आधीच ऑनलाइन जाते आणि खुली होण्याची तारीख तीच धरली जाते.

गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्ससारख्या ठिकाणी नियम वेगळे. तिथलं सगळं अप्रकाशित आणि खासगी मानतात, पोस्टरचा फोटो काढायला बंदी असते. मोठ्या खुल्या परिषदेत फोटो निघणारच असं धरून चाला. कुणी काढू नये असं वाटत असेल तर कोपऱ्यात कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह छापा.

डोकं_पुन्हा_उगवतं

खूप मदत झाली. बाटली पाहिली, अधिक-वजा आहे, म्हणजे मिश्रण. मात्रा त्याप्रमाणे लिहिते आणि निष्क्रिय रूप मागवते. ६ तासांच्या गटाचे प्राणी आज कापायला घेतेय.

आता पोस्टर. कॉन्फोकलच्या प्रतिमा १०२४ बाय १०२४ च्या आहेत. हिरवा ॲक्टिन, लाल न्यूरॉन, निळा डॅपी (पेशीकेंद्रकाचा रंग). पॉवरपॉइंटमध्ये करणार आहे. छपाई जवळच्या फ्लेक्सवाल्याकडे.

टिफच_ठेवा

क्रमाने घेतो, कारण पहिल्या पायरीत झालेली चूक छपाईत दुरुस्त होत नाही.

प्रतिमा सूक्ष्मदर्शकाच्या मूळ फाइलमधूनच फिजी या प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. सॉफ्टवेअरने काढून दिलेल्या जेपेगमध्ये पिक्सेलचं मायक्रॉनशी असलेलं नातं हरवतं, मग स्केल बार अंदाजाने बसवला जातो. कंट्रोल आणि औषध या दोन्ही गटांच्या प्रतिमा एकाच वेळी उघडा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत "ऑटो" दाबू नका. ऑटो प्रत्येक प्रतिमेला वेगळं ताणतं. मंद कंट्रोल उजळतो, उजळ औषध-गट मंदावतो, आणि फरक एक तर नाहीसा होतो किंवा नसलेला दिसू लागतो. कंट्रोलवर किमान-कमाल ठरवा, "सेट" दाबा, तिथेच सगळ्या उघड्या प्रतिमांना तेच लागू करायची चौकट असते तिच्यावर खूण करा. "अप्लाय" मूळ फाइलवर दाबू नका, पिक्सेलच बदलतात. प्रत काढून ती आरजीबी करा, त्यावर स्केल बार बसवा, पीएनजी किंवा टिफ म्हणून साठवा. प्रतिमेखाली "४०एक्स" लिहू नका. पोस्टरवर ती किती मोठी झालीय त्याचा त्या आकड्याशी काही संबंध उरत नाही. स्केल बार प्रतिमेबरोबर वाढतो, म्हणून तोच खरा.

रंग बदला. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि तुमचा सगळा मुद्दा त्या दोन रंगांत आहे. प्रत्येक चॅनल वेगळा, करड्या छटांत दाखवा. एकत्रित प्रतिमा एकच, ती हिरवा आणि मॅजेंटा अशी. डॅपी निळ्यात ठेवू नका. काळ्यावरचा निळा दोन पावलांवरून दिसतच नाही. छपाईचाही यात फायदा आहे. पडद्यावरचा झळझळीत हिरवा छपाईच्या चार शाईंत उतरत नाही, शेवाळी होतो. करड्या छटांना तो त्रास नाही.

पोस्टरचा आकार सूचनेत वाचा, अंदाज करू नका. युरोपात बहुधा उभं ए-झिरो असतं, ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. अमेरिकेत बोर्ड अनेकदा आडवे आणि मापं इंचांत किंवा फुटांत. १ मीटर रुंद बोर्डावर आडवं ए-झिरो शेजाऱ्याच्या हद्दीत १९ सेंटिमीटर जातं आणि मग ते दुमडून लावावं लागतं. दोन्ही परिषदांना एकच फाइल चालेल असं धरू नका.

पॉवरपॉइंटमध्ये पान आधी खऱ्या मापाचं करा, मग प्रतिमा टाका. १४२ सेंटिमीटरपर्यंत पान मिळतं, म्हणजे ए-झिरो मावतं. ऑप्शन्समध्ये "प्रतिमा दाबू नका" ही खूण पहिल्याच दिवशी करा. नाहीतर फाइल साठवताना प्रतिमा कमी रिझोल्यूशनच्या होतात आणि परत येत नाहीत. काहीजण ए-वनवर करून छपाईवाल्याला दुप्पट करायला सांगतात. ए-वनचं ए-झिरो १४१ टक्क्यांनी होतं. दुप्पट होतं ते क्षेत्रफळ. २०० टक्के सांगितलंत तर कडा कापल्या जातील.

१०२४ पिक्सेल १८ सेंटिमीटर रुंदीला पसरले की साधारण १४४ डीपीआय (दर इंचाला ठिपके) येतात. पोस्टर हातभर अंतरावरून पाहिलं जातं, तेवढे पुरतात. २५ सेंटिमीटरला तेच १०४ होतात आणि टेंटॅकलच्या टोकाशी चौकोन दिसायला लागतात. ३०० डीपीआयचा हट्ट धरून प्रतिमा कृत्रिमरीत्या फुगवू नका, माहिती वाढत नाही, फाइल मात्र जड होते. आलेख प्रतिमा म्हणून चिकटवू नका. पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून आणा, रेषा कितीही मोठ्या केल्या तरी धारदार राहतात.

अक्षरं: शीर्षक ८५ पॉइंटच्या वर, उपशीर्षकं ४० च्या आसपास, मजकूर २८, आकृतीखालच्या ओळी २४ पेक्षा लहान नाहीत. तपासायची सोपी रीत अशी की पूर्ण पोस्टर ए-फोर कागदावर छापा. लांबी-रुंदी चौथाई होते, २४ पॉइंट ६ होतात. ते डोळे न ताणता वाचता आलं तर बोर्डावरही वाचता येईल. याच कागदाच्या प्रती पुढे वाटायलाही कामाला येतात.

फ्लेक्सबद्दल: उन्हात टांगायच्या बॅनरचा फ्लेक्स घेऊ नका. चमकतो, वळकटीच्या खुणा राहतात, आणि खरबरीत पृष्ठभागावर ॲक्टिनचे तंतू पुसट होतात. मॅट फोटो पेपर किंवा पॉलिएस्टर कापड मागा. कापड घडी करून बॅगेत जातं, विमानात नळकांड्याची कटकट राहत नाही. बारीक तंतूंच्या प्रतिमांना मात्र मॅट कागद थोडा सरस. छपाईआधी तुमची सगळ्यात अवघड प्रतिमा ए-फोर तुकड्यावर त्याच मशीनवर, त्याच मालावर छापून बघा. पीडीएफ देताना फॉन्ट त्यात बसवलेले आहेत ना ते पाहा, आणि पारदर्शक थर असतील तर ते सपाट करा. पॉवरपॉइंटमधली अर्धपारदर्शक चौकट छपाईत काळी पडू शकते.

एका_वाक्यात_सांगा

प्रतिमांबद्दलच्या वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. पण मांडणीकडे दुर्लक्ष होतंय. २०१९ मध्ये माइक मॉरिसन यांनी जी मांडणी सुचवली, म्हणजे मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष, बाजूला तपशील, ती वापरा. चालता चालता तीन सेकंदांत कळलं पाहिजे.

मायोनीम

अर्धी मान्य. रुग्णसंख्येच्या अभ्यासाला ती मांडणी शोभते. विकास जीवशास्त्रात पुरावा प्रतिमेत असतो, आणि मधली जागा वाक्याला दिली की प्रतिमा कडेला ८ सेंटिमीटरच्या होतात. निष्कर्षाचं वाक्य शीर्षकातच क्रियापदासह लिहा, आणि मधली डोळ्यांच्या उंचीची जागा एका मोठ्या प्रतिमा-जोडीला द्या. डावीकडे कंट्रोल, उजवीकडे औषध, दोन्ही एकाच दिशेने मांडलेले, कापाचं टोक वर. कंट्रोलचं डोकं वर आणि औषधवाल्याचं उजवीकडे असं ठेवलं तर पाहणाऱ्याचा पहिला अर्धा मिनिट मान वाकवण्यात जातो.

उभ्या ए-झिरोत ३ सेंटिमीटरचा समास आणि मध्ये २ सेंटिमीटर सोडले तर ३८ सेंटिमीटरचे दोन रकाने पडतात. १८ सेंटिमीटरच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी एका रकान्यात बरोबर बसतात. तळाचे २५ सेंटिमीटर गुडघ्याच्या पातळीला येतात. तिथे संदर्भ, आभार, अनुदान क्रमांक. निकाल तिथे ठेवू नका.

आता आलेख, कारण सगळ्यात कठीण प्रश्न तिथेच येईल. ९० प्राणी एकत्र करून एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर ९० लिहू नका. तुमचे प्राणी एकाच प्राण्यापासून कळ्यांनी वाढलेले, जनुकीयदृष्ट्या एकसारखे. एका दिवशी, एका बशीत, एकाच औषधाच्या मिश्रणात ठेवलेले ३० प्राणी हे त्या दिवसाच्या परिस्थितीचं एकच उत्तर देतात. स्वतंत्र मोजमापं तीन. प्रत्येक प्राण्याचा छोटा फिका ठिपका काढा, प्रयोगागणिक रंग वेगळा, आणि त्यावर प्रत्येक प्रयोगाच्या सरासरीचा मोठा ठिपका. चाचणी त्या तीन सरासऱ्यांवर करा. पेशी जीवशास्त्रात २०२० पासून याला सुपरप्लॉट म्हणतात. सांख्यिकी चाचणीचा पी चा आकडा कमी प्रभावी दिसेल. पण तीनही प्रयोगांत ठिपके एकाच बाजूला सरकलेले दिसले, तर जाणकाराला तेच पटतं. टेंटॅकल मोजणाऱ्याला गट ठाऊक होता की नाही, हेही आकृतीखाली लिहा. ठाऊक असेल तर प्रतिमांना सांकेतिक क्रमांक देऊन दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मोजून घ्या.

टिफच_ठेवा

किरकोळ पण महत्त्वाचं: टाचण्या आणि वेल्क्रो दोन्ही न्या. कापडी बोर्डावर टाचण्या चालतात, कडक बोर्डावर नाही. समविषम क्रमांकांच्या उभं राहायच्या वेळा वेगळ्या असतात, आपली वेळ ए-फोर प्रतीवर लिहून ठेवा. ई-पोस्टर मागितलं असेल तर ए-झिरोची फाइल देऊ नका. आडव्या पडद्यासाठी १९२० बाय १०८० चं वेगळं करा, दोन आकृत्यांपेक्षा जास्त नको.

डोकं_पुन्हा_उगवतं

शीर्षक असं ठरवलंय: "हायड्राचं डोकं पुन्हा उगवण्यासाठी मायोसिन-२ आवश्यक आहे." चालेल?

मायोनीम

"आवश्यक" आत्ता लिहू नका. तुमच्या हातात एक औषध आहे, आणि एका औषधावरून आवश्यकता सिद्ध होत नाही. मायोसिनचं जनुक एसआयआरएनएने (जनुकाचं काम दाबणारा छोटा आरएनए) दाबून तोच परिणाम दिसला तर तो शब्द तुमचा. आज हातात आहे ते असं: "मायोसिन-२ रोखल्यास हायड्राच्या नव्या डोक्यावर टेंटॅकल कमी येतात". आणि ६ तासांच्या गटाचे आकडे आले की त्यात टप्पा घाला: "जखम मिटण्याच्या काळात रोखल्यास" किंवा "जखम मिटल्यानंतर रोखल्यास", जे दिसेल ते. आज कापलेल्या प्राण्यांचे ७२ तास परवा सोडून तेरवा पूर्ण होतात. मोजून झालं की इथे टाका, शीर्षक त्यानंतरच पोर्टलवर भरू.